शाळांच्या डेबियनचं पॅकेज: आवृत्तीचा आकडा चुकलाय, इपॉक घेऊ की नको?

किनारपट्टी (रविवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिते आहे, कारण पूर्ण हकीकत सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मालवण आणि वेंगुर्ला तालुक्यांतल्या तीन मराठी शाळांचे मिळून चौतीस संगणक आम्ही चार-पाच जण सांभाळतो. सगळ्यांवर डेबियन १२ ही मोफत लिनक्स प्रणाली आहे. ती आवृत्ती १० जून २०२३ ला आली आणि १५ जूनला शाळा उघडणार होत्या. मधल्या चार रात्री जागून आम्ही सगळी मशीन नव्याने बसवली. दर मशीनवर तेच तेच करायला नको म्हणून एक छोटं पॅकेज बांधलं, नाव 'शाळा-मराठी'. त्यात आमचं स्वतःचं असं थोडंच आहे. मराठी लोकेल (भाषेची सेटिंग), लोहित देवनागरी फॉन्ट, इन्स्क्रिप्टने टाइप करायला आयबस, मुलांसाठी जीकॉम्प्री, लिबरऑफिस, हे सगळं 'याशिवाय चालणार नाही' म्हणून लिहिलेलं, आणि वर आमच्या सेटिंगच्या तीन फाइली. एपीटीला, म्हणजे पॅकेज आणून बसवणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रॅमला, हे एक नाव सांगितलं की बाकीचा गोतावळा ते आपणहून घेऊन येतं.

चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) आवृत्तीचा आकडा लिहायची वेळ आली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मी त्या दिवसाची तारीख टाकली, २०२३०६१४. पुढे दोनदा दुरुस्त्या केल्या, दोन्ही वेळा नवी तारीख. शेवटची २०२४०६१०. काही अडलं नाही.

या जूनमध्ये पॅकेज गिटवर (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर) नेलं. रत्नागिरीच्या एका मित्राने सुचवलं, आता याला नीट आकडे देऊया. मला पटलं. १.० असा टॅग लावला, पॅकेज बांधलं, आमच्या छोट्या रेपॉझिटरीतली, म्हणजे मशीन जिथून पॅकेज घेतात त्या साठ्यातली, जुनी फाइल काढून तिथे नवी ठेवली. या १.० मध्ये एक महत्त्वाची दुरुस्ती होती. लिबरऑफिस काही ठिकाणी भलताच फॉन्ट उचलत होतं आणि त्यात 'ऱ्य' मोडायचा. ती सेटिंग मी दुरुस्त केली आणि तिन्ही शाळांना कळवलं की काम झालं.

नारळी पौर्णिमेनंतर एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. चौथीची मुलं भूगोलाचं पान टाइप करत होती. 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहायचं होतं. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, हे बाईंनीच त्यांना शिकवलेलं. छापून आलेल्या पानावर ऱ पाय मोडून एकटा उभा आणि 'या' बाजूला सुटलेला. एका मुलीने तो शब्द खोडला आणि त्याजागी 'दर्या' लिहिला, कारण तो नीट उमटत होता. सह्याद्रीचा समुद्र झाला! बाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही दुरुस्त केलंत म्हणालात ना?"

काल शाळेत जाऊन बसले. मशीन रोज अपडेट विचारतं, नेट चालू आहे, रेपॉझिटरी पोचते आहे, आणि एपीटी ठामपणे सांगतं की हीच सर्वात नवी आवृत्ती. मग डीपीकेजीला, म्हणजे एपीटीच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, दोन आकड्यांची तुलना करायला सांगितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या हिशेबाने २०२४०६१० म्हणजे दोन कोटी दोन लाख चाळीस हजार सहाशे दहा. आणि १.० म्हणजे एक. दोन कोटीवरून एकावर कोण उतरेल? मशीन बरोबर होतं. जुलैमध्ये आलेल्या दोन नव्या मशीनवर मात्र १.० व्यवस्थित बसलंय, कारण तिथे आधीचं काहीच नव्हतं. माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी ते हातानेच टाकलं होतं, म्हणून मलाही कळलं नाही. दोन महिने मी 'झालं' म्हणत होते आणि बत्तीस मशीनवर काहीही झालेलं नव्हतं. हे मला फार लागलंय. आवृत्तीचा आकडा मी माझ्या सोयीचा मानला होता. तो खरा असतो त्या मशीनसाठी, ज्याच्यासमोर मी बसलेली नाही.

आता इपॉकबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेबियनच्या आवृत्तीत सगळ्यात पुढे एक आकडा आणि कोलन लावता येतो. तो नसेल तर शून्य धरतात. तुलना आधी इपॉकची होते, मग पुढच्या आकड्याची. म्हणजे १:१.० हे २०२४०६१० पेक्षा मोठं ठरतं. मी १:१.० बांधून घरच्या लॅपटॉपवर बसवून बघितलं, चालतंय. अजून रेपॉझिटरीत चढवलेलं नाही. चढवण्याआधी इथे विचारते आहे, कारण एकदा चढवलं की परत घेता येत नाही असं वाचलंय.

---

खाडीपलीकडे (रविवार, रात्री १०:५५)

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. इपॉक याच कामासाठी आहे. तुमच्याच मशीनवर बघा, विम या एडिटरची आवृत्ती २: ने सुरू होते, गिट आणि ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) १: ने. वर्षानुवर्षं तसंच चाललंय आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही. आकडे द्यायची पद्धत बदलली की इपॉक वाढवायचा, एवढा साधा मामला आहे. १:१.० चढवा, उद्या सकाळी बत्तीस मशीन नवी होतील.

---

नारळीपोफळी (रविवार, रात्री ११:४०)

थांबा. आज रात्री काही चढवू नका.

खाडीपलीकडे म्हणतात ते नियमाने बरोबर आहे, पण इपॉक कधी उतरत नाही. विमचा तो २: आता विम असेपर्यंत राहणार. तुम्ही १: लावलात की तुमच्यानंतर हे पॅकेज जो सांभाळेल त्यालाही तो वागवावा लागेल, आणि त्याला हे का आहे ते माहीत नसेल. दुसऱ्या एखाद्या पॅकेजमध्ये 'शाळा-मराठी किमान १.२ हवं' असं लिहिताना तो १: विसरला, तर अट नेहमीच पुरी झालेली दिसेल, कारण १: लावलेलं काहीही १.२ पेक्षा मोठंच. एररही येत नाही. म्हणूनच डेबियनमध्ये नवा इपॉक घेण्याआधी विकासकांच्या यादीवर विचारायची रीत आहे. तुम्ही आधी विचारलंत हे उत्तम केलंत.

दुसरा खड्डा जास्त वाईट आहे, मी त्यात पडलोय. पॅकेजच्या फाइलच्या नावात इपॉक येत नाही. १.० ची फाइल आणि १:१.० ची फाइल, दोघींचं नाव हुबेहूब एकच. आतला माल वेगळा.

आमच्याकडे दापोलीच्या बाजूला एका वसतिगृहात असंच झालं. नेट अगदी कमी, म्हणून तिथे एक मशीन एपीटी-कॅशर लावून ठेवलेलं. एकाने डाउनलोड केलेली फाइल ते साठवतं आणि बाकीच्यांना घरातल्या घरात देतं. मी घाईत इपॉक लावून तीच आवृत्ती पुन्हा बांधली आणि चढवली. कॅशरकडे त्या नावाची फाइल आधीच होती, तेव्हा तो सगळ्यांना जुनीच देत राहिला. यादीतला चेकसम (फाइल पडताळायचा आकडा) नव्या फाइलचा, हातात आलेली फाइल जुनी. एकोणीस मशीनवर 'हॅश सम मिसमॅच'. भर पावसात, लाइट येते-जाते अशा अवस्थेत, मी दोन दिवस नेटवर्कच्या वायरी तपासत बसलो. चूक वायरीत नव्हतीच.

तुमच्या शाळांत कॅशर आहे का? जुलैमध्ये त्या दोन मशीनवर १.० बसलं, म्हणजे ती फाइल कुठेतरी साठलेली असणार.

---

किनारपट्टी (सोमवार, सकाळी ७:०५)

आहे! दोन शाळांत कॅशर आहे. तुम्ही लिहिलं नसतंत तर आज मी नेमकी याच खड्ड्यात जाऊन पडले असते. मनापासून आभार.

तिसरी शाळा खाडीच्या पलीकडे आहे, तिथे नेट जवळपास नाहीच. तिथे महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर सगळी रेपॉझिटरी जाते.

---

घाटमाथा (सोमवार, सकाळी ९:३०)

तिसरा मार्ग आहे: २०२४०६१०+रियली१.०. दिसायला ओबडधोबड, पण ही रुळलेली पद्धत आहे. पुढचा आकडा यंत्रासाठी, 'रियली'नंतरचा माणसासाठी. आत खरं काय आहे ते त्यात उघड लिहिलेलं असतं.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरनी उघड केलं की एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवलाय. त्यांना शंका आली ती डेबियनच्या अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. डेबियनला तातडीने जुन्या, स्वच्छ ५.४.५ वर यायचं होतं. पण लोकांच्या मशीनवर ५.६.१ बसलेलं, आणि एपीटी मागे जात नाही. तेव्हा आवृत्ती दिली ५.६.१+रियली५.४.५-१. मशीनला वाटलं पुढे जातोय, आणि आत आलं जुनं. त्यासाठी इपॉक घ्यावा लागला नाही. पुढे वरच्या (मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या) प्रकल्पाने ५.६.२ काढलं की आकडा आपोआप सरळ होतो.

स्टेबल वापरणाऱ्यांपर्यंत ते विष पोचलंच नव्हतं हेही इथे सांगायला हवं. नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये, तिथे साधारण दोन ते दहा दिवस, मोठा दोष निघाला नाही तर टेस्टिंगमध्ये, आणि तिथून दोनेक वर्षांनी स्टेबल. 'डेबियन जुनाट' म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ही सावकाशी कुणीतरी राखलेली आहे.

---

नवशिका_देवरुख (सोमवार, दुपारी १:१५)

मी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न साधा वाटला तर माफ करा. मुळात पहिल्याच दिवशी काय आकडा द्यायला हवा होता, म्हणजे तारीखही चालली असती आणि नंतर १.० वरही जाता आलं असतं?

---

नारळीपोफळी (सोमवार, दुपारी २:५०)

प्रश्न साधा नाही, नेमका आहे. उत्तर: ०~२०२३०६१४.

ते मधलं चिन्ह टिल्ड. डीपीकेजीच्या तुलनेत टिल्ड सगळ्यांच्या खाली, इतकं की 'पुढे काहीच नाही' याच्याही खाली. म्हणून १.०~आरसी१ (१.० आधीची चाचणी प्रत) हे १.० पेक्षा लहान. चढत्या क्रमाने लिहितो, वहीत उतरवून ठेव:

०~२०२३०६१४
०.१
१.०~आरसी१
१.०
१.०+डेब१२यू१
१.९
१.१०

शेवटच्या दोन ओळींत बरेच जण फसतात. ते दशांश नाहीत. टिंबाच्या दोन्ही बाजूंचे आकडे सुटे वाचायचे, नऊनंतर दहा. '+डेब१२यू१' म्हणजे डेबियन १२ स्टेबलमध्ये केलेली पहिली दुरुस्ती. बॅकपोर्टला, म्हणजे नव्या डेबियनमधून जुन्यासाठी बांधून दिलेल्या पॅकेजला, मात्र '~बीपीओ१२+१' लावतात, कारण तिथे उलट हवं असतं: मशीन १३ वर गेलं की तिथलं मूळ पॅकेज वरचढ ठरलं पाहिजे. एक अधिक, एक टिल्ड, दोन्हींत विचार आहे.

जिथे पुढे काय होईल ते ठाऊक नाही तिथे ०~ ने सुरुवात करायची. पुढे कुठलाही आकडा घेता येतो.

---

देवबागकार (सोमवार, रात्री ८:२०)

तो पेनड्राइव्ह खाडीपलीकडे न्हेता तो मी. तुमचा सगळा वाचलंय. आता माझा आयका.

माका १.० नि १.१ ह्यातला काय्येक कळणा नाय. शाळेतसून फोन इलो की मी पयलो प्रश्न इचारतंय, "बाई, आकडो काय दिसता?" त्येनी २०२३ नी सुरू होणारो आकडो वाचून दाखवल्यानी की माका थयच कळता, जून २०२४ पासून पेनड्राइव्ह ह्या मशीनपर्यंत पोचलोच नाय. होडयेतसून उतरूच्या आधी माका म्हायती असता की खयच्या मशीनीर काम आसा. ती तारीख काढून १.० कित्याक केलास, ताच माका समाजला नाय. आमचा ता बरा चललेला.

---

किनारपट्टी (सोमवार, रात्री ९:१०)

देवबागकार, हे मी कधी विचारात घेतलंच नव्हतं. इपॉक की रियली, यातच अडकून बसले होते. मुळात १.० हवंच कशाला, हा प्रश्न तुम्ही विचारलात.

खरं सांगायचं तर १.० मला हवं होतं कारण ते व्यवस्थित दिसतं. ज्यांच्यासाठी पॅकेज आहे त्यांच्यापैकी कुणी ते मागितलं नव्हतं.

आणि आता लक्षात येतंय, आजच्या तारखेचा आकडा २०२५ ने सुरू होतो. तो २०२४०६१० पेक्षा मोठा. १.० पेक्षाही मोठा. म्हणजे बत्तीस जुनी आणि दोन नवी, सगळीच एका फटक्यात वर येतील. इपॉक नको, रियली नको, फाइलचं नावही नवं, म्हणजे कॅशरचा घोळ नाही.

---

खाडीपलीकडे (सोमवार, रात्री १०:३०)

मी इपॉकचा आग्रह सोडतो, फाइलनावाची गोष्ट मला माहीत नव्हती. पण तारखेला माझा विरोध नोंदवून ठेवा. १.४ वरून २.० झालं की वाचणारा सावध होतो, काहीतरी मोठं बदललंय. २०२५०८१८ वरून २०२५१००५ झालं तर त्याला काय कळणार? पहिल्या आकड्याचा अर्थ मोडतोड होणारा बदल, दुसऱ्याचा नवी भर, तिसऱ्याचा दुरुस्ती, हा संकेत जगभर चालतो. आपण तो सोडतोय.

---

घाटमाथा (सोमवार, रात्री ११:०५)

तो संकेत लायब्ररीसाठी खरा उपयोगी आहे, कारण तिच्यावर दुसरे प्रोग्रॅम टेकलेले असतात. 'शाळा-मराठी'वर कुठलाही प्रोग्रॅम टेकलेला नाही, माणसं टेकलेली आहेत. माणसांसाठी पॅकेजमध्ये बातमीची वेगळी फाइल ठेवता येते. एपीटी-लिस्टचेंजेस बसवलेलं असेल तर अपग्रेडच्या वेळी तो मजकूर समोर येतो. मोठा बदल असेल तेव्हा तिथे मराठीत चार ओळी लिहा.

लायब्ररीत मात्र पाळावंच लागतं, आणि प्रसंगी आवृत्तीने भागतही नाही, नावच बदलावं लागतं. ३२ बिटच्या मशीनवर वेळेचा आकडा २०३८ मध्ये भरतो. तो ६४ बिटचा करताना डेबियनने २०२४ मध्ये शेकडो लायब्ररींच्या पॅकेजची नावं बदलली, शेवटी 'टी६४' जोडून. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. आतली मांडणी बदलली की जुन्या प्रोग्रॅमने चुकून नवी लायब्ररी धरू नये म्हणून.

---

काजूबी (मंगळवार, सकाळी ८:४५)

मूळ दुखणं फॉन्टचं आहे ना? मग लोहितचं पॅकेजच आपण का बदलू नये? सोर्स मोकळा आहे. आपल्याला हवी तशी अक्षरं बसवायची, जास्त मोठा आकडा द्यायचा आणि आपल्या रेपॉझिटरीतून वाटायचं. सेटिंगच्या फाइलींची भानगडच नको.

---

नारळीपोफळी (मंगळवार, सकाळी १०:२०)

करता येईल. पण करू नये असं माझं कळकळीचं मत आहे.

तुमच्याकडे कलमं असतीलच. गावठी खुंटावर हापूसची काडी बांधली की काम संपत नाही. जोडाच्या खालून खुंटाला फुटवे येत राहतात, ते दरवर्षी काढावे लागतात. दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं तर फुटवाच झाड होतो आणि हापूसची काडी सुकते. दुसऱ्याच्या पॅकेजवर आपला पॅच (बदलाचा तुकडा) बांधणं तसंच आहे. डेबियनने फॉन्टमध्ये दुरुस्ती केली की आपला मोठा आकडा तिला अडवणार. प्रत्येक वेळी आपण नवा सोर्स घेऊन पॅच पुन्हा बसवायचा. कोण बसवणार? पाच वर्षांनी?

शिवाय आपला बदल चूक असला तर तो तपासायला कुणी नाही. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाच्या इशाऱ्यांमुळे दोन ओळी बंद केल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या ओळींतून किल्लीसाठी यादृच्छिकपणा येत होता. तो गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या, एका आकाराच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच संभवत होत्या. हे उघड झालं १३ मे २००८ ला. डेबियनसारख्या ठिकाणी, एवढे डोळे असताना, जवळपास दोन वर्षं. आपण पाच जण आहोत.

फॉन्टमध्ये दोष असेल तर वरच्या प्रकल्पाकडे कळवा, पॅच तिकडे द्या. तो तिथे गेला की आपल्याला सांभाळावा लागत नाही, आणि 'दऱ्या' नंदुरबारच्या मुलालाही नीट दिसतील. इथे तर दोष फॉन्टचा नाहीच, भलता फॉन्ट निवडला जात होता. तेव्हा सेटिंगच योग्य.

---

काजूबी (मंगळवार, सकाळी ११:००)

समजलं. कलमाचं उदाहरण थेट पोचलं, यंदा आमच्या तीन झाडांचे फुटवे काढायचे राहिलेत.

एक विचारतो. डेबियन १३ परवाच, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. दिवाळीच्या सुट्टीत चढवायचा विचार आहे का? तुमची सगळी मशीन ६४ बिटची आहेत ना?

---

किनारपट्टी (मंगळवार, दुपारी ४:३०)

नाहीत. चार मशीन ३२ बिटची आहेत, फार जुनी, पण खाऱ्या वाऱ्यात टिकली आहेत ती तीच. १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही, म्हणून ती १२ वरच राहतील. १२ ला नेहमीची सुरक्षा दुरुस्ती जून २०२६ पर्यंत आणि दीर्घ मुदतीची जून २०२८ पर्यंत आहे. तोवर दुसरी मिळवायला हवीत.

आमच्या पॅकेजमध्ये सेटिंगच्या फाइलीच आहेत, बांधलेला प्रोग्रॅम नाही, तेव्हा एकच फाइल १२ आणि १३ दोन्हींवर चालावी. घरच्या लॅपटॉपवर १३ टाकून तपासते.

---

नवशिका_देवरुख (मंगळवार, रात्री ९:४०)

अपग्रेड चालू असताना लाइट गेली तर काय करायचं? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये झालं होतं, सरांनी मशीन पुसून पुन्हा बसवलं.

---

देवबागकार (मंगळवार, रात्री १०:००)

पुसाची गरज नाय रे. लाइट इली की रूट होऊन डीपीकेजीक 'कॉन्फिगर सगळा' म्हणान सांगूचा, मगे एपीटीक 'मोडलेला सांधून दी' म्हणान सांगूचा. धातले नव वेळा उभा रवता. माका पावसात दर म्हयन्याक करूचा लागता. डिस्कच गेली तर गोष्ट येगळी.

---

किनारपट्टी (रविवार, रात्री ८:५०)

काय झालं ते कळवते.

बुधवारी रात्री २०२५०८२० बांधलं. या वेळी माझ्या लॅपटॉपवर तपासून थांबले नाही. आधी एका रिकाम्या मशीनवर २०२४०६१० बसवलं, वर अपग्रेड केलं. मग दुसऱ्यावर १.० बसवलं, वर अपग्रेड केलं. मग कोऱ्या मशीनवर. तिन्ही वाटांनी २०२५०८२० वरच पोचतंय याची खात्री झाल्यावर चढवलं. घरच्या लॅपटॉपवर ते १:१.० होतंच, तिथे मात्र एपीटीला मुद्दाम 'खाली उतर' म्हणून सांगावं लागलं. एका मशीनवर असं करता येतं, चौतीसवर नाही.

चेंजलॉगमध्ये हे लिहिलंय, जसंच्या तसं देते:

"१.० ही आवृत्ती जून २०२५ मध्ये चुकून आधीपेक्षा लहान आकड्याने निघाली. ती जुन्या मशीनवर पोचली नाही. आकडा पुन्हा तारखेचा केला आहे. यापुढे आकड्यांची पद्धत बदलू नये. बदलायचीच असेल तर आधी जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करून पाहावे. फाइलचे तेच नाव पुन्हा वापरू नये, शाळांत कॅशर आहेत."

शुक्रवारी सकाळपर्यंत दोन शाळांतली सगळी मशीन नवी झाली. तिसरीकडे देवबागकार शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन गेले. अकरापैकी दहा झाली, एकाची हार्ड डिस्क खरखरते आहे. बाईंनी त्या मुलीकडून पान पुन्हा छापून घेतलं आणि मला फोटो पाठवला. 'सह्याद्रीच्या दऱ्या', आणि खालच्या ओळीत 'पश्चिमेला दर्या'. दोन्ही नीट.

आता एक उरलं. रेपॉझिटरीवर डिजिटल सही करायची किल्ली फक्त माझ्याकडे आहे, एका लॅपटॉपवर. उद्या मला काही झालं किंवा लॅपटॉप गेला, तर एकही मशीन नवीन काही स्वीकारणार नाही. किल्लीची मुदतही येत्या मार्चमध्ये संपते. दुसऱ्या कुणाची तरी किल्ली आधीच सगळ्या मशीनवर पोचवून ठेवायची आहे, म्हणजे कुणालाही चढवता येईल. कोण घेईल ही जबाबदारी? विचार करून सांगा, हे निदान चार-पाच वर्षांचं काम आहे.

---

खाडीपलीकडे (रविवार, रात्री ९:२५)

मी घेतो. तारखेला माझा विरोध अजून आहे, पण चेंजलॉगमध्ये तुम्ही लिहिलंय ते पाळेन. गणपतीला कुडाळला येतोच आहे. किल्लीचा ठसा (किल्ली ओळखायची छोटी खूण) कागदावर छापून आणि ओळखपत्र घेऊन येतो, समोरासमोर तपासून घ्या.

---

नवशिका_देवरुख (रविवार, रात्री ९:४१)

मला अजून सही करता येणार नाही, पण प्रत्येक आवृत्ती चढवण्याआधी जुन्या आवृत्त्यांवरून अपग्रेड करून बघायचं काम मी करू शकतो. लॅबमध्ये तीन जुनी मशीन रिकामी असतात. २०२३०६१४ ची फाइल कुणाकडे शिल्लक आहे का?

---

देवबागकार (रविवार, रात्री १०:०२)

माझ्या पयल्या पेनड्राइव्हार आसा. पुसूक नाय. फाल्यां धाडतंय.